मनकवड्यांचा रंगमंच आणि बुद्धीची फसवणूक

९ सप्टेंबर २००९ च्या रात्री डेरेन ब्राऊन या ब्रिटिश मनकवड्याने 'चॅनेल फोर' या दूरचित्रवाहिनीवर राष्ट्रीय लॉटरीचे सहा आकडे आधीच ओळखल्याचा प्रयोग केला. सोडत दुसऱ्या वाहिनीवर चालू होती. ती संपल्यावर त्याने आधीपासून मांडून ठेवलेले चेंडू प्रेक्षकांकडे वळवले आणि सहाही आकडे जुळले. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. जादूगाराने अशक्य ते करून दाखवावे, यासाठीच आपण त्याच्यापुढे बसतो.

प्रश्न उभा राहतो तो ११ सप्टेंबरच्या कार्यक्रमाने. त्यात त्याने 'हे कसे केले' ते सांगितले. चोवीस माणसे गोळा केली, त्यांच्याकडून अंदाज घेतले आणि त्यांची सरासरी काढली. समूहाच्या शहाणपणातून उत्तर आले! सोडतयंत्रात फेरफार केला असेल, अशीही एक हूल त्याने दिली. पण भर राहिला तो सरासरीवर.

समूहाच्या शहाणपणाची कल्पना खोटी नाही. फ्रान्सिस गाल्टनने १९०७ मध्ये ती मांडली. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे, कापून साफ केल्यानंतरचे वजन ओळखायचे होते. ७८७ चिठ्ठ्यांमधला मधला अंदाज १२०७ पौंड निघाला. खरे वजन भरले ११९८ पौंड. पण तिथे बैल डोळ्यांपुढे होता, आणि अंदाज करणाऱ्यांत जनावरांची पारख असलेली माणसे होती. उद्या यंत्रातून कोणता चेंडू पडेल, हे मात्र कुणाच्याच अनुभवात नसते. ४९ आकड्यांतून सहा निवडण्याचे १,३९,८३,८१६ प्रकार होतात. चोवीस जणांच्या अज्ञानाची सरासरी काढली तरी हाती अज्ञानच येते. म्हणजे हे स्पष्टीकरणही खेळाचाच एक भाग होते. फक्त त्यावर गणिताचा शिक्का मारलेला होता.

इथे ब्राऊनवर अन्याय होता कामा नये. आपल्याकडे दैवी शक्ती नाही, असे तो उघड सांगतो. २०११ च्या 'मिरॅकल्स फॉर सेल' या कार्यक्रमात त्याने प्रार्थनेने रोग बरे करण्याचा बाजार मांडणाऱ्यांचे पितळ उघडे पाडले. मग आक्षेप कशाला? आक्षेप एवढ्याचसाठी, की बुवा श्रद्धेच्या नावाने फसवतो, आणि असा मनकवडा बुद्धीच्या नावाने फसवतो. बुवापासून सुटण्यासाठी माणूस ज्या दाराशी येतो, त्याच दारात हा दुसरा उभा असतो.

रहस्य राखणे आणि खोटे ज्ञान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट केले पाहिजे. आमच्या गावच्या बाजारात गारुडी चादरीखाली झोपवलेल्या जमुऱ्याला विचारतो, 'साहेबांच्या हातात काय?' आणि जमुरा बिनचूक सांगतो. गारुडी आपली खूण कुणाला सांगत नाही. ती त्याची भाकर आहे. पण त्या खेळावरून तो कुणाला मानसशास्त्र शिकवीत नाही. खेळ संपतो, चादर गुंडाळली जाते आणि त्याचे असत्यही तिच्याबरोबर गुंडाळले जाते. आणि व्यवस्थेने फसवा ठरवले ते कुणाला? १९५९ च्या मुंबईच्या भीकबंदी कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे यांच्या मिषाने पैसे मागणेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले. रस्त्यावरचा मनकवडा भिकारी ठरतो. वातानुकूलित सभागृहातला 'मनाच्या शक्तीचा अभ्यासक' ठरतो!

या अभ्यासकाचे असत्य प्रेक्षकाबरोबर घरी जाते. चिठ्ठी चोरून पाहिलेली असते, माहिती आधीच काढलेली असते. सांगितले मात्र जाते, की तुमच्या डोळ्यांच्या हालचालीवरून ओळखले. डोळे कोणत्या बाजूला वळतात त्यावरून खोटे पकडता येते, या समजुतीची रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली; २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिला आधार सापडला नाही. पण ती समजूत जिवंत आहे. ती मुलाखत मंडळात बसते, वर्गात बसते, पोलीस चौकीत बसते. पारध्याचा पोरगा फौजदारापुढे मान खाली घालून उभा राहतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या माराने त्याला तसे उभे राहायला शिकवले आहे. त्याची नजर वाचून 'हा लबाड आहे' म्हणणाऱ्याच्या हाती जर विज्ञानाचा खोटा दाखला असेल, तर तो दाखला कुठून आला, हे आपण विचारायचे की नाही?

मन ओळखण्याच्या चमत्काराचा प्रश्न आपल्या परंपरेत फार पूर्वी आला आहे. नालंदा येथे केवट्ट नावाच्या गृहस्थाने भगवान बुद्धांना विनवले, की एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवावा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. दीघनिकायातील केवट्टसुत्तात बुद्धांनी यावर तीन प्रकार सांगितले : ऋद्धी, दुसऱ्याचे मन ओळखणे आणि उपदेश. पहिले दोन त्यांनी दूर सारले. मन ओळखून दाखवले, तर संशयी माणूस म्हणेल, ही मणिका नावाची विद्या आहे. मग त्यातून सिद्ध काय झाले? शक्ती खरी की खोटी, हा वाद तिथे घातलेलाच नाही. चमत्काराने माणूस थक्क होतो, शहाणा होत नाही. उपदेश मात्र आचरून, पारखून घेता येतो.

महाराष्ट्रात चमत्कारांचे प्रयोग करून त्यांमागची हातचलाखी उघड करणारे कार्यकर्ते हीच वाट चालत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला; त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराच्या नावाने पैसे उकळणाऱ्याला तो कायदा अडवतो. खोट्या विज्ञानाच्या प्रयोगाला तो अडवणार नाही, आणि प्रत्येक खेळामागे पोलीस लावावा असे आमचे म्हणणेही नाही. हे काम समीक्षेचे आहे.

मनकवड्याकडे आपली मागणी साधी असावी. तुझी युक्ती सांगू नकोस. ती तुझी आहे. पण खोटी युक्ती खरी म्हणून सांगू नकोस. 'हा खेळ आहे' एवढे म्हण आणि गप्प राहा. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, ते आज विज्ञानावर मोठ्या विश्वासाने हात ठेवत आहेत. त्या हाताखाली कुणी नवी पोथी सरकवत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी आपण ती उघडून पाहिली पाहिजे.