'आम्ही' की 'आपण'? कंपन्यांची निवेदनं आणि कर्मचाऱ्यांचे मतभेद



कंपनीनं वर्णद्वेषासारख्या प्रश्नावर भूमिका घ्यावी की गप्प बसून आपला धंदा करावा, हा वाद अमेरिकेत २०२० पासून जोरात चालला आहे. त्यावर बोलणाऱ्यांचे सरळ दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, भूमिका घ्या; दुसरा म्हणतो, कामाशी काम ठेवा. आज आम्ही यातल्या कुठल्याच तटाची वकिली करणार नाही. या वादात कंपन्यांनी जी निवेदनं काढली, ती आपण वाचणार आहोत. एखादा अग्रलेख किंवा पक्षाचा जाहीरनामा वाचतो, तशी. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि कशाबद्दल बोलायचं टाळतंय, एवढंच पाहायचं आहे.

या कामी मराठीची आपल्याला चांगली मदत होते. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. कंपनीचं निवेदन 'वुई'नं सुरू होतं आणि 'वुई'नंच संपतं. पण त्यातला 'वुई' म्हणजे मालक, व्यवस्थापन, की तिथे राबणारे सगळे, याचा उलगडा होत नाही. कर्मचारी भांडतात ते बहुतेक वेळा याच जागेवर, असं आमचं म्हणणं आहे. कंपनी जगाबद्दल बोलत असते आणि कर्मचारी हातातल्या कामाबद्दल विचारत असतो.

सुरुवात २०२० पासून करायची नाही. पन्नास वर्षं मागे जाऊ.

पोलरॉइड ही मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजची कंपनी. फोटो काढला की मिनिटभरात हातात, ही तिची करामत. संस्थापक एडविन लँड. उदारमतवादी कंपनी म्हणून तिचा लौकिक होता. १९७० मध्ये तिथे काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर या रसायनशास्त्रज्ञ आणि केन विल्यम्स हे छायाचित्रकार, या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना कंपनीच्याच इमारतीत एका ओळखपत्राचा नमुना दिसला. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव होतं.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा कृष्णवर्णीय माणसाला पासबुक बाळगावं लागे. आपल्या बँकेचं नव्हे. माणसानं कुठे राहायचं, कुठे काम करायचं, कोणत्या भागात पाऊल टाकायचं, हे ठरवणारं, फोटो लावलेलं पुस्तक. ते जवळ नसेल तर अटक. या पासविरोधात १९६० मध्ये शार्पव्हिल इथे लोक जमले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली होती. त्या पासांचे फोटो झटपट काढायला पोलरॉइडची फिल्म उपयोगी पडत होती.

हंटर आणि विल्यम्स यांनी पत्रकं लावली. पोलरॉइड साठ सेकंदांत काळ्या माणसांना कैद करते, असा त्यांचा आशय होता. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी संघटना उभी केली. मागण्या तीन होत्या. दक्षिण आफ्रिकेतला धंदा बंद करा, वर्णभेदी राजवटीचा जाहीर निषेध करा आणि तिथे झालेला नफा मुक्तिलढ्याला द्या.

कंपनीनं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अशा चार जणांचं एक पथक दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. त्या पथकानं तिथल्या लोकांशी बोलून, एकदम संबंध तोडू नयेत असा कौल दिला. म्हणजे कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांतही एकमत नव्हतं, हे आपण लक्षात ठेवू. पुढे जानेवारी १९७१ मध्ये कंपनीनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन 'दक्षिण आफ्रिकेतला प्रयोग' जाहीर केला. सरकारला थेट माल विकायचा नाही, तिथल्या वितरकाकडच्या कृष्णवर्णीय कामगारांची मजुरी आणि प्रशिक्षण वाढवायचं, कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाला पैसा द्यायचा, असा तो बेत होता.

हे निवेदन आम्हाला टाकाऊ वाटत नाही. आजच्या गुळगुळीत निवेदनांच्या शेजारी ठेवलं तर ते खूपच ठोस आहे. त्यात करायच्या गोष्टी आहेत, आणि कंपनी ज्या देशात पैसे कमावते त्या देशाबद्दल ती बोलते आहे. पण 'प्रयोग' या शब्दापाशी आपण थांबलं पाहिजे. प्रयोग करणारा एक असतो आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो दुसरा. पासबुक खिशात घेऊन हिंडणारा माणूस या वाक्यात कुठे आहे? आणि सरकारला माल न विकण्याचं वचन कंपनीनं दिलं, पण प्रत्यक्षात ते पाळायचं होतं वितरकानं. हा 'आम्ही' इतका लांब पसरलेला होता, की वचन मोडलं तर जाब कुणाला विचारायचा, हेच कळू नये.

विल्यम्स यांनी नोकरी सोडली. हंटर यांना फेब्रुवारी १९७१ मध्ये काढून टाकलं. सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, तो वितरक सरकारला गुपचूप माल विकत होता हे उघडकीला आलं, आणि पोलरॉइडनं दक्षिण आफ्रिकेतला व्यवहार थांबवला. १९७० मधली पहिली मागणी १९७७ मध्ये मान्य झाली. ती करणारी दोन्ही माणसं तोवर कंपनीबाहेर होती.

आता २०२० कडे येऊ. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसानं मानेवर गुडघा दाबून जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला. त्यानंतरच्या दिवसांत कंपन्यांच्या निवेदनांचा पूर आला. २ जूनला इन्स्टाग्रामवर काळे चौकोन लागले. आम्ही ऐकतो आहोत, आम्ही शिकतो आहोत, आम्ही सोबत आहोत. या वाक्यांना कर्म नाही. काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, ऐकून काय केलं? व्याकरणाच्या तासाला अशा वाक्याखाली मास्तरांनी लाल रेघ ओढली असती.

हे पोकळ वाटून काहींनी उलटी वाट धरली. कॉइनबेस ही आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीची कंपनी. जूनमध्ये तिच्या प्रमुखांना, ब्रायन आर्मस्ट्राँग यांना, कर्मचाऱ्यांनी बैठकीत विचारलं, की 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'ला तुम्ही पाठिंबा देता का. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, म्हणून काहींनी निषेध म्हणून काम थांबवलं. पुढे २७ सप्टेंबरला आर्मस्ट्राँग यांचा लेख आला. कंपनीला एक ध्येय आहे, त्याच्याशी संबंध नसलेल्या सामाजिक प्रश्नांत कंपनी पडणार नाही, असा त्याचा सारांश. ज्यांना हे पटत नाही त्यांना नोकरीच्या कालावधीनुसार चार ते सहा महिन्यांचा पगार घेऊन बाहेर पडता येईल, असंही ठरलं. साठ जणांनी ती वाट धरली. एकूण कर्मचाऱ्यांच्या हे सुमारे पाच टक्के होते.

या लेखाची बाजू आधी नीट मांडू. तो स्पष्ट आहे, आणि काळ्या चौकोनांपेक्षा प्रामाणिकही आहे. ऑफिसात बहुमताच्या राजकीय मताचा दाब एखाद्यावर येतो, हे खरं आहे. आपलं मत वेगळं असेल तर बढती अडेल, या भीतीनं गप्प बसणारी माणसं असतात. त्यांना हा लेख वाचून हायसं वाटलं असेल, तर त्यांना हसायचं कारण नाही.

अडचण वेगळी आहे. लेखाचं सगळं बळ एका गृहीतकावर उभं आहे. वर्णद्वेष हा कंपनीच्या दाराबाहेरचा विषय आहे, आत ध्येय आणि बाहेर समाज, हे ते गृहीतक. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी छापली. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या सुरुवातीला १५ कृष्णवर्णीय कर्मचारी कॉइनबेसमधून बाहेर पडले होते. त्या वेळच्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांपैकी हे सुमारे तीन चतुर्थांश. त्यातल्या किमान ११ जणांनी भेदभावाची कैफियत वरिष्ठांकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे मांडली होती, असं बातमीत होतं. कंपनीनं या चित्राला हरकत घेतली. पण एवढ्यावरून प्रश्न कुठला होता ते दिसतं. तक्रारींची दखल घेणं, माणसं का सोडून जातात हे पाहणं, ही कंपनीची रोजची कामं आहेत. ती 'सामाजिक प्रश्न' या पेटीत टाकली, की त्यांवर बोलायचं नाही हा नियम आयताच लागू होतो.

तिसरं उदाहरण लहान आहे, पण सगळ्यात बोलकं आहे. बेसकॅम्प ही तेव्हा कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणारी, सत्तावन्न-अठ्ठावन्न माणसांची कंपनी होती. २६ एप्रिल २०२१ रोजी तिनं जाहीर केलं, की कंपनीच्या अंतर्गत खात्यावर सामाजिक आणि राजकीय चर्चा बंद. समित्याही बंद. निवेदन वाचून वाटावं, की लोक दिवसभर निवडणुकीवर वाद घालत असतील. दुसऱ्या दिवशी बातमीतून वेगळीच गोष्ट बाहेर आली. तिथे दशकाहून अधिक काळ ग्राहकांच्या 'गमतीदार' नावांची एक यादी फिरत होती. त्यातली काही नावं आशियाई आणि आफ्रिकी होती. काही कर्मचाऱ्यांनी म्हटलं, की या यादीचा हिशेब झाला पाहिजे. वाद तिथून पेटला होता. आणि मालकांच्या निवेदनात यादीचा उल्लेख नव्हता. काही दिवसांत किमान वीस जणांनी पैसे घेऊन कंपनी सोडल्याचं जाहीर केलं. म्हणजे तीनातला एक गेला.

मराठी माणसाला ही यादी समजावून सांगायला नको. आपल्याकडे नाव विचारून झालं की आडनाव विचारतात, आणि आडनावावरून समाधान झालं नाही की गाव विचारतात. नावाला हसणं ही कधीच फक्त गंमत नसते, हे ज्याच्या नावाला हसले त्याला ठाऊक असतं. ग्राहकाच्या नावाला ऑफिसात हसणं हा राजकारणाचा विषय नाही. ग्राहकाशी कसं वागायचं, हा कामाचाच विषय आहे.

आणि इथेच आपल्या घरची गोष्ट निघते. एप्रिल २०२२ मध्ये, दलित इतिहास महिन्याच्या निमित्तानं, इक्वॅलिटी लॅब्जच्या तेनमोळी सौंदरराजन यांचं गूगल न्यूजच्या कर्मचाऱ्यांपुढे व्याख्यान व्हायचं होतं. ते होऊ नये म्हणून कंपनीतल्याच काही कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या, सौंदरराजन हिंदूविरोधी असल्याचे आरोप झाले आणि व्याख्यान रद्द झालं. जातिभेदाला आमच्याकडे थारा नाही, पण या व्याख्यानामुळे लोक जवळ येण्याऐवजी फूट पडत होती, असं कंपनीनं सांगितलं. ते घडवू पाहणाऱ्या व्यवस्थापक तनुजा गुप्ता यांनी पुढे राजीनामा दिला.

या प्रकरणामुळे आमच्या मांडणीला एक जरुरीचा अडथळा येतो. आतापर्यंतच्या गोष्टींवरून कुणी म्हणेल, कर्मचाऱ्यांचं ऐका म्हणजे झालं. पण गूगलनं कर्मचाऱ्यांचंच ऐकलं होतं! फक्त कोणत्या कर्मचाऱ्यांचं? जात हा अमेरिकेच्या बाहेरचा, तिकडचा विषय, असं म्हणणारे आणि जात माझ्या शेजारच्या टेबलापर्यंत आली आहे, असं म्हणणारे, दोघेही कर्मचारीच होते. तेव्हा किती जण ओरडले, यावरून न्याय ठरत नाही. पोलरॉइडच्या पथकातही कृष्णवर्णीय कर्मचारी होते, हे आपण मघाशी पाहिलं.

मग कसोटी कोणती? आमच्या मते निवेदन हातात पडलं की तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, कर्मचाऱ्यानं विचारलेली नेमकी वस्तू निवेदनात आहे का? फिल्म, तक्रार, नावांची यादी, रद्द झालेलं व्याख्यान. ती वस्तू नसेल तर निवेदन कितीही उदात्त असो वा कितीही रोखठोक, ते उत्तर नाही. दुसरी, दिलेलं वचन पाळलं जातंय हे कोण तपासणार, आणि त्यात ज्यांचं नुकसान होतंय त्यांच्यातलं कुणी आहे का? तिसरी, प्रश्न विचारणारा माणूस वर्षभरानं त्याच जागी कामाला आहे का?

यातून हेही निघतं, की कंपनीनं जगातल्या प्रत्येक अन्यायावर पत्रक काढायची गरज नाही. दूरच्या देशातल्या घटनेवर सॉफ्टवेअर कंपनी बोलली नाही, म्हणून काही बिघडत नाही. पण स्वतःच्या मालाचा वापर, स्वतःच्या दारातल्या तक्रारी आणि स्वतःच्या भिंतीवरची यादी, यांवरचं मौन हे तटस्थपण नसतं. त्यात कुणाची तरी बाजू आधीच घेतलेली असते, आणि ज्याच्या विरोधात घेतली त्याला ती बरोबर कळते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी पुण्यात, बेंगळुरूत किंवा कॅलिफोर्नियात अशा कंपन्यांत आहे. त्यांच्या ईमेलच्या पेटीत अशी निवेदनं येत असतात. पुढचं आलं की त्यातल्या प्रत्येक 'वुई'च्या जागी आधी 'आम्ही' घालून वाचा आणि मग 'आपण' घालून वाचा. कुठलं वाक्य कुठे अडखळतं, ते लगेच दिसेल.

कॅरोलिन हंटर पुढे केंब्रिजमध्येच शिक्षिका झाल्या. नोकरी गेल्यानंतरही पोलरॉइडवरच्या बहिष्काराचं काम त्यांनी चालू ठेवलं होतं. कंपनी त्यांना आपल्या 'वुई'मध्ये धरत नव्हती. पण त्या फिल्मला आपलेही हात लागले आहेत, ही गोष्ट त्यांनी नाकारली नाही.

आता प्रश्न घेऊ.