मलमल, नियतकालिक आणि एका मुलीचे मत : ‘नॉर्थँगर ॲबी’विषयी काही विचार

जेन ऑस्टेन हिच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीकडे बहुधा भयकादंबरीचे विडंबन म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. कादंबरीचा पूर्वार्ध बाथ या गावी घडतो, आणि त्याचा मोठा भाग सतरा वर्षांच्या कॅथरिन मोर्लंडच्या व तिच्या परिचितांच्या संभाषणांनी व्यापलेला आहे. कापड, टोप्या, नृत्यसमारंभ आणि नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्या हे त्या संभाषणांचे विषय. हा भाग हलकाफुलका समजून अभ्यासक पुढे जातात. वस्तुतः तरुण स्त्रीच्या रोजच्या आवडीनिवडीला ‘मत’ ही प्रतिष्ठा कोणी द्यावयाची, आणि कोणत्या निकषावर, हा कादंबरीचा मूळ प्रश्न येथेच मांडला गेला आहे.

या प्रश्नाला कालाचेही एक परिमाण आहे. कादंबरीचा खर्डा १७९८–९९ मध्ये तयार झाला. १८०३ मध्ये तो दहा पौंडांस विकला गेला. प्रकाशकाने तो छापला नाही, आणि १८१६ मध्ये तेवढ्याच रकमेस तो परत घेण्यात आला. लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरअखेर, पुस्तक बाहेर पडले. मधल्या तेरा वर्षांत स्थळे, रीती, पुस्तके आणि मते पुष्कळच पालटली आहेत, याची जाणीव वाचकाने ठेवावी, असे लेखिकेने निवेदनात सुचविले आहे. अभिरुची ही दिनांकित वस्तू असते, हे तिला पुरते ठाऊक होते.

प्रथम कापडाचा प्रसंग घ्यावा. बाथमधील पहिल्याच भेटीत मिसेस ॲलन आपल्या पोशाखाच्या मलमलीचा दर वारी नऊ शिलिंग असा सांगते, तेव्हा हेन्री टिल्नी हा तरुण आपलाही अंदाज नेमका तोच होता असे म्हणतो, आणि आपण बहिणीसाठी अस्सल हिंदी मलमल पाच शिलिंग वाराने घेतल्याचेही ऐकवितो. येथे ‘अस्सल’ हे विशेषण अर्थपूर्ण आहे. १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचे सूतकताईचे यंत्र सिद्ध झाल्यावर इंग्लंड-स्कॉटलंडातील गिरण्यांची मलमल बाजारात आली होती. नक्कल असल्यावाचून अस्सलाची ग्वाही द्यावी लागत नाही. तेव्हा ज्या बोलण्यास वाचक निव्वळ नटवेपणा समजतो, त्यात ढाक्याच्या विणकरांच्या मालाची आणि यंत्रयुगाच्या स्पर्धेची नोंद आहे. शिवाय हे ज्ञान पुरुषाच्या तोंडी आले आहे. रॉबिन लॅकॉफ यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात रंगांच्या बारीक छटांची नावे व पोकळ विशेषणे ही स्त्रियांच्या भाषेची लक्षणे म्हणून नोंदविली. ऑस्टेनच्या पात्रांकडे पाहता ही विभागणी डळमळते. जॉन थॉर्प आपल्या घोड्याच्या ताशी दहा मैलांच्या वेगाविषयी व पन्नास गिनींच्या गाडीविषयी ज्या अतिशयोक्तीने बोलतो, तीही फॅशनचीच भाषा आहे; फरक इतकाच, की तिला जगात ‘माहिती’ म्हणतात.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रसंग बीचेन टेकडीवरील फेरफटक्याचा होय. कॅथरिन ‘उडॉल्फो’ या कादंबरीस ‘नाइस’ म्हणते. हेन्री तिला अडवितो : या शब्दाचा अर्थ नीटनेटका असा असेल, तर ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून राहील! विनोद चतुर आहे. भाषाशास्त्र मात्र कच्चे आहे. लॅटिनमधील ‘अज्ञानी’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला हा शब्द प्रथम ‘मूर्ख’, पुढे ‘चोखंदळ’ व ‘नेमका’, आणि अठराव्या शतकात ‘चांगला’ अशा अर्थांतून फिरत आला. हेन्री ज्याला शुद्ध अर्थ मानतो, तो या प्रवासातील एक मुक्काम होय. मराठीतही ‘मस्त’ म्हणणाऱ्यास फारसीतील नशा आठवत नाही, आणि नाटक ‘भयंकर आवडले’ म्हणणारी मुलगी भ्यालेली नसते. हेन्रीची बहीण एलिनॉर मर्म जाणते : शब्द बदल, नाहीतर जॉन्सन आणि ब्लेअर यांचा मारा सहन करावा लागेल, असे ती कॅथरिनला बजाविते. व्याकरण येथे सत्तेचे साधन झाले आहे, हे तिने हसत हसत दाखविले.

त्यानंतर लगेच लंडनमध्ये काही भयानक बाहेर पडणार असल्याचे कॅथरिन सांगते. तिच्या मनात नवी कादंबरी असते. एलिनॉर दंगल समजून घाबरते. एकच विशेषण दोन क्षेत्रांत दोन अर्थ घेते, आणि अर्थ ठरतो तो संदर्भाने, कोशाने नव्हे. हेन्रीच्या आधीच्या उपदेशास याहून समर्पक उत्तर देता आले नसते.

वाचनाच्या बाबतीत निवेदिका उघडपणे मुलीची बाजू घेते. हाती ‘स्पेक्टेटर’चा खंड असता तर तरुणीने तो अभिमानाने दाखविला असता, कादंबरी मात्र ती लाजून बाजूस ठेवते. १७११–१२ चे ते नियतकालिक प्रतिष्ठित खरे, परंतु त्यातील विषय शिळे व भाषा कित्येकदा ओबडधोबड, असा तिचा प्रतिटोला आहे. कादंबऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्या थॉर्पला तर ‘उडॉल्फो’ ही मिसेस रॅडक्लिफचीच कृती आहे, एवढेही ठाऊक नसते.

असे असले तरी रोजच्या मतांचे सरसकट गौरवीकरण ऑस्टेन करीत नाही. इझाबेला थॉर्प हीही टोप्या व कादंबऱ्या यांविषयीच बोलते. तिच्या अखेरच्या पत्रात फॅशनची बातमी आणि वाग्दत्त वरास परत मिळविण्याची धडपड एकाच वाक्यप्रवाहात येतात. त्याच्या आवडीचा जांभळा रंगच आपण वापरतो, असे ती लिहिते. कॅथरिन पत्र वाचते आणि त्यातील कृत्रिमता तिला तत्काळ कळते. दोघींचा शब्दसंग्रह एकच. भेद आहे तो शब्दामागील प्रामाणिकपणाचा. मताची कसोटी विषयाच्या थोरवीत नसून बोलणाऱ्याच्या सचोटीत आहे, हा कादंबरीचा निर्णय होय.

या निर्णयात एक उणीव राहतेच. कादंबरीवाचनाचे समर्थन निवेदिका करते; कॅथरिनला ते करू दिले जात नाही. इतिहासात पोप व राजे यांची भांडणे आहेत, स्त्रिया जवळजवळ नाहीत, हे तिचे मर्मभेदी वाक्यही कंटाळ्याच्या सुरात उच्चारले जाते, आणि संवाद पुढे सरकतो. मुलीजवळ मत आहे. युक्तिवाद मात्र लेखिकेने स्वतःकडे ठेवला आहे.

तथापि शेवटाकडील एक छोटी घटना ही बाकी काहीशी फेडते. घरी परतलेल्या खिन्न कॅथरिनवर उपाय म्हणून आई ‘मिरर’ नियतकालिकातील, मोठ्या ओळखींमुळे घर नकोसे झालेल्या मुलींविषयीचा निबंध आणावयास माडीवर जाते. पुस्तक शोधून ती खाली येते, तो हेन्री येऊन बसलेला असतो. निबंध न वाचलेलाच राहतो. मुलीच्या मनाचे निदान नियतकालिकाने आधीच छापून ठेवले होते. ते या मुलीस लागू नव्हते, एवढेच.