वॉर रूममध्ये मतदार कुठे आहे?

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. त्या काळात निवडणुकीच्या कामावर किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. पण डाव्या हाताची तर्जनी पुढे आली की तिच्यावर शाईची रेघ ओढायची, ही सवय हाताला अजून आहे. मतदान केंद्रातल्या त्या खुर्चीवरून प्रचार दिसत नाही. तो संपल्यावर रांगेत उभी राहिलेली माणसे तेवढी दिसतात. ही माणसे इथवर कशी आली, कोणी काय सांगितले, कोणी काय देऊ केले, याचे कुतूहल मला कायम राहिले. म्हणून प्रचाराच्या आतल्या खोलीत शिरणारे माहितीपट मी आवडीने पाहत आलो.

अशा माहितीपटांत सर्वांत गाजलेला ‘द वॉर रूम’ (१९९३). डी. ए. पेनबेकर आणि ख्रिस हेगेडस यांनी तो बिल क्लिंटन यांच्या १९९२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारावर केला. ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले. २० मे २०२४ रोजी आमच्या भिवंडी मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही विधानसभा क्षेत्रे याच मतदारसंघात येतात. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाच-सहा माजी विद्यार्थी घरी आले होते. निरनिराळ्या पक्षांसाठी चिठ्ठ्या वाटलेली, गाड्या फिरवलेली ही मुले. त्यांना मी हा चित्रपट दाखवला आणि अडेल तिथे थांबवून अर्थ सांगत गेलो.

चित्रपटात क्लिंटन फार थोडे दिसतात. दिग्दर्शकांना त्यांच्याजवळ फारसे जाता आले नाही, त्यामुळे कॅमेरा बसला तो लिटल रॉक इथल्या प्रचार कार्यालयात. जेम्स कार्व्हिल आणि जॉर्ज स्टेफानोपुलोस हे दोघे खरे नायक. अर्थव्यवस्थेचा मुद्दा सोडू नका, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये म्हणून भिंतीवर लिहून ठेवलेले. फोन, पिझ्झा, जागरणे, घाईने बदललेली वाक्ये. प्रतिस्पर्ध्याचे प्रचारसाहित्य ब्राझीलमध्ये छापले गेले, अशी एक खबर कार्व्हिलच्या हाती लागते. तिची बातमी व्हावी म्हणून तो जिवाचा आटापिटा करतो आणि ती होत नाही. शेवटी शेवटी स्टेफानोपुलोस फोनवर कुणाला तरी क्लिंटनविरुद्धची एक गोष्ट बाहेर काढू नका म्हणून समजावतो. आवाज मऊ आहे, पण त्यात धमकी आहे आणि आमिषही आहे. ती गोष्ट खरी होती का, हे चित्रपट विचारत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री सहकाऱ्यांशी बोलताना कार्व्हिलचा कंठ दाटून येतो, तेव्हा आपलेही डोळे ओलावतात. तोवर आपण त्या खोलीतले झालेले असतो.

चित्रपट संपल्यावर मुरबाडकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, सगळं भारी आहे. पण यात मतदार कुठं आहे?”

मी तो चित्रपट त्याआधी तीनदा पाहिला होता. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्या प्रश्नानंतर मी पुन्हा मागे गेलो, ‘प्रायमरी’ (१९६०) या चित्रपटाकडे. रॉबर्ट ड्र्यू यांच्या त्या चित्रपटात पेनबेकरही सहभागी होते. विषय होता विस्कॉन्सिनमधली केनेडी आणि हंफ्री यांच्यातली उमेदवारीची लढत. वजनाने हलकी झालेली यंत्रे खांद्यावर घेऊन ही मंडळी गर्दीत शिरली. सभागृहात जाणाऱ्या केनेडींच्या पाठोपाठ कॅमेरा हात-खांद्यांमधून वाट काढत जातो, ते दृश्य प्रसिद्धच आहे. मला आता महत्त्वाचे वाटते ते हंफ्रींच्या सभेतले शेतकरी. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर थांबतो. पटले की नाही, याचा पत्ता ते चेहरे लागू देत नाहीत. आमच्या डोळखांब-किन्हवलीच्या सभेत पुढच्या रांगेत बसणाऱ्या म्हाताऱ्यांसारखेच ते वाटतात. तेहेतीस वर्षांनी कॅमेरा खोलीत गेला आणि हे चेहरे बाहेर राहिले. खोलीत शिरायला परवानगी लागते. ज्याने ती दिली, त्याच्या नजरेने आपण पाहू लागतो. पडद्यामागचे म्हणून जे दाखवले जाते, तोही मग एक पडदाच ठरतो.

आपल्याकडे खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांचा ‘अ‍ॅन इन्सिग्निफिकंट मॅन’ या जातीचा. दिल्लीच्या २०१३ च्या निवडणुकीत आम आदमी पक्षाने ७० पैकी २८ जागा मिळवल्या, त्या प्रचाराचा हा माहितीपट. परिनिरीक्षण मंडळाने ज्या नेत्यांचे उल्लेख आहेत त्यांची ना-हरकत पत्रे मागितली. अपील न्यायाधिकरणाकडून वाट मोकळी झाल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये तो प्रदर्शित झाला. यातही परवानगी पक्षाचीच आहे. पण उमेदवारीवरून चिडलेले कार्यकर्ते कॅमेऱ्यासमोर येतात, पाणी आणि वीजबिलाने गांजलेली वस्ती येते. घरटी रोज ७०० लिटर पाणी मोफत, हे त्या निवडणुकीतले वचन. ते ऐकताना शहापूरच्या माणसाला हसावे की रडावे कळत नाही. १८९२ सालचे तानसा आणि नंतरचे भातसा ही धरणे आमच्या तालुक्यात. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो.

मराठीत प्रचाराच्या खोलीत शिरलेला असा माहितीपट माझ्या आठवणीत नाही. आपण सत्तेची आतली बाजू पाहिली ती कथेतून. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस सगळे पाहतो आणि शेवटी भ्रमिष्ट होतो. पाहिल्याची किंमत साक्षीदाराला मोजावी लागते, हे अरुण साधू आणि तेंडुलकर यांना ठाऊक होते. ‘द वॉर रूम’च्या प्रेक्षकाला काहीच मोजावे लागत नाही. तो जिंकणाऱ्यांबरोबर घरी जातो.

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तर मतदार कायद्यानेच खोलीबाहेर आहे. शहापूर आणि मुरबाड यांचा त्यात वाटा म्हणजे दोन आमदार, प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५. उरलेल्या निवडणुकांत मात्र बोट आमचेच असते. इथल्या प्रचारावर कोणी चित्रपट केलाच, तर त्याने उमेदवाराच्या जीपमध्ये जरूर बसावे. पण पाड्यावर उतरून जीप निघून गेल्यावरही थांबावे. मुरबाडच्या रेल्वेचे आश्वासन पुन्हा एकदा ऐकलेली माणसे ओट्यावर आपसांत काय बोलतात, हंडा घेऊन टँकरपाशी उभी असलेली बाई कोणाचे नाव घेते आणि कोणाचे टाळते, ते ऐकावे. ठरते ते तिथे.

त्या मुलाने जे विचारले, ते मी खरे तर स्वतःलाच विचारायला हवे होते. शाई लावताना शेकडो बोटे माझ्या हातात आली. यादीतले नाव कानावर पडे, बोट पुढे येई, रेघ ओढली जाई. मान वर करून चेहरा पाहिल्याचे फारसे आठवत नाही. मागे रांग असायची.