हित्ती ‘हर्कि’ : एका विशेषणाच्या इकाराविषयी

हित्ती भाषेत ‘हर्किश्’ म्हणजे पांढरा, उजळ. हा शब्द आणि संस्कृत ‘अर्जुन’, ग्रीक ‘अर्गोस्’, लॅटिन ‘अर्गेंटुम्’ हे सर्व एकाच धातूचे होत, याविषयी आज वाद नाही. (अर्जुनसादड्याची फिकट साल ज्याने पाहिली आहे, त्यास मूळ अर्थ निराळा सांगावयास नको.) सोस्यूरने १८७९ मध्ये निव्वळ तर्काने कल्पिलेल्या लुप्त वर्णांपैकी एक वर्ण हित्ती ‘ह’च्या रूपाने टिकून आहे, हे कुरिवोविचने १९२७ मध्ये दाखविले. ‘हर्कि’तील आद्य ‘ह’ हा त्याचाच अवशेष. ग्रीक व संस्कृत यांत तो नाहीसा होऊन मागे केवळ ‘अ’ उरला. धातूपुरता विचार येथे संपतो. खरी अडचण आहे ती अंत्य इकाराची.

या इकाराचा उलगडा बहुधा असा केला जातो. ग्रीक ‘अर्गोस्’ हे मुळातील ‘अर्ग्रोस्’चे रूपांतर असून ते संस्कृत ‘ऋज्र’शी जुळते; परंतु समासाच्या पूर्वपदी ‘र’-प्रत्ययाच्या जागी इकार येतो, जसे ग्रीक ‘अर्गि-पूस्’, वैदिक ‘ऋजिश्वन्’. कालांत या डच पंडिताने प्रथम अवेस्तात हेरलेला हा नियम. तेव्हा ‘हर्कि’ म्हणजे हेच पूर्वपद स्वतंत्र विशेषण झालेले! समीकरण आकर्षक खरे. प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे ते वर्गात निःशंकपणे सांगितले आहे. आता तसे सांगवत नाही.

कारण हित्ती ‘दलुकि’ (लांब) हे विशेषणही इकारान्तच आहे, आणि त्याचे सगोत्र ‘दीर्घ’ व ‘दोलिखोस्’ दोन्ही अकारान्त आहेत. म्हणजे जुन्या विशेषणास इकाराच्या वर्गात ओढून घेण्याची प्रवृत्ती अनातोलियात होती, असे मानणे भाग पडते. ‘दलुकि’च्या बाबतीत जे घडले ते ‘हर्कि’च्या बाबतीत घडले नसेल, हे कशावरून?

काही अभ्यासक येथे लुवियनकडे धाव घेतात. त्या भाषेत सचेतन लिंगाच्या प्रथमा व द्वितीया विभक्तींत प्रकृतीस एक इकार जोडला जातो. स्टार्केने १९९० मध्ये या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले. परंतु लुवियनमध्ये नपुंसकलिंगी रूप या इकारावाचून असते, आणि हित्तीत तर नपुंसकातही ‘हर्कि’च आहे. हा दाखला येथे लागू पडत नाही. तोखारीचा आधारही दिसतो तितका भक्कम नाही : पूर्व तोखारीत ‘आर्कि’ असले तरी पश्चिम तोखारीत ‘आर्क्वि’ आहे, आणि त्यातील ‘व’कार ‘अर्जुन’, ‘अर्गुरोस्’ यांतील उकाराची आठवण करून देतो. त्या वकाराचा हिशेब दिल्याविना केवळ ‘आर्कि’ पुढे करणे म्हणजे सोयीचा साक्षीदार निवडणे होय.

असे असले तरी कालांतच्या नियमास मोडीत काढण्याचा उतावीळपणाही नको. संस्कृतातच ‘शुक्र’च्या शेजारी ‘शुचि’ हे स्वतंत्र विशेषण उभे आहे. तेव्हा पूर्वपदाच्या इकाराने विशेषण होण्याची वाट बंद नव्हती. शिवाय ‘हर्किश्’ची षष्ठी ‘हर्गयश्’ अशी होते. तीत प्रत्ययाच्या स्वरास गुण झालेला आहे, जसा ‘शुचि’च्या ‘शुचेः’मध्ये. उलट ‘हल्कि’ (धान्य) या नामाची षष्ठी ‘हल्कियश्’, तेथे गुण नाही. ही व्यवस्था हित्तीने नव्याने घडविली असेल असे वाटत नाही. येथे भेद केला पाहिजे तो वर्ग आणि व्यक्ती यांत. गुण होणाऱ्या इकारान्त विशेषणांचा वर्ग प्राचीन आहे. पण ‘हर्कि’ हा शब्द त्या वर्गाचा आरंभापासूनचा सभासद होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘दलुकि’ त्या वर्गात मागाहून आला, हे तर उघडच दिसते.

म्हणून मूळ भाषेच्या खाती धातू आणि त्याचा आद्य व्यंजनवर्ण निःसंकोच मांडावा; इकारान्त विशेषण मात्र, दुसऱ्या एखाद्या शाखेतून निर्विवाद स्वतंत्र रूप हाती येईपर्यंत, अनातोलियाच्याच खाती ठेवावे.