फियाटचे आखूड पंख

प्रीमियर पद्मिनी मागून बघावी. मागच्या दारापाशी पत्र्याची एक रेघ हळूच वर उठते, डिकीच्या कडेने सरळ जाते आणि उभ्या, अरुंद दिव्यापाशी थांबते. हेच तिचे पंख, बोटभर उंचीचे.

पंखांची ही हौस मूळची अमेरिकेतली. 1948 च्या कॅडिलॅकवर ते लहान होते. डिझाइनर व्हर्जिल एक्सनरने क्रायस्लरच्या गाड्यांवर ते वाढवले आणि 1959 च्या कॅडिलॅकवर त्यांनी गाडीच गिळून टाकली. पण त्याच वर्षी स्टुडबेकरने आपल्या मोठ्या गाडीचा मधला भाग तसाच ठेवून नाक आणि शेपूट छाटलं, त्यातून लार्क आली. 1960 च्या फोर्ड फाल्कनने पंख सोडून मागे साधे गोल दिवे लावले. शेव्हर्ले कॉर्व्हेरने इंजिन मागे नेलं, म्हणून पुढे जाळीची गरजच उरली नाही. कंबरेभोवती एक रेघ फिरवली, तेवढ्यावर ती गाडी देखणी झाली. माझ्या मते त्या पिढीतली सर्वांत धीट रेषा तीच.

आकार आटोक्यात आणण्याची ही वाट मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने आधीच धरली होती. त्याचे संस्थापक उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली ती क्रायस्लरशी करार करून. कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. पुढे त्याच कारखान्यात फियाट 1100 आली. भारी अमेरिकन गाड्यांच्या जागी 1089 सीसीचं छोटं इंजिन, पण आत चार-पाच माणसं ऐसपैस.

1960 च्या दशकात आलेली 1100 डी, म्हणजे आपली ‘डिलाइट’, हीच 1974 पासून पद्मिनी झाली. तिचा पत्रा इटलीतल्या 1200 ग्रानलुचे या गाडीवरून घेतलेला. तिच्या आधीच्या गाड्यांची पुढची दारं उलटी, मागे बिजागरी असलेली होती. हिची सरळ उघडतात. काचा मोठ्या, छप्पर हलकं. पंख मात्र राहिले. डिझाइनरने ते नुसते छोटे केले नाहीत, त्यांना काम दिलं: गाडी मागे घेताना मान वळवली की गाडीचे कोपरे कळतात. मला त्यात खरी कारागिरी दिसते. अमेरिकेत जो नुसता मिरवायचा अलंकार होता, तो इथे गाडीचं माप सांगतो.

आत एकसंध बाकासारखी पुढची सीट आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. पायापाशी दांडा नसल्यामुळे पुढे तिसरा माणूस बसतो, म्हणूनही ती मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला लाभली. तिथल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या. उत्तरकाळात क्रोमच्या जागी काळं प्लॅस्टिक आलं, ते मला कधीच आवडलं नाही. त्याने चेहरा जड झाला. पण मागच्या रेघेला शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही. त्याच कारखान्याची 1985 ची 118 एनई चौकोनी, नीटनेटकी, चालवायला सरस गाडी होती. तरी मागून बघत उभं राहावं असं तिच्यात काही नव्हतं.