झीटा ३० आला, म्हणजे सस्पेन्शन स्थिर?

तोंडावाटे घ्यायच्या सस्पेन्शनवरच्या शोधनिबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: झीटा पोटेन्शियल ±३० मिलिव्होल्टच्या पलीकडे, म्हणून फॉर्म्युलेशन स्थिर. हा निष्कर्ष अर्धवट आहे. जास्त विद्युतभारामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात, सावकाश बसतात. पण मायक्रॉन आकाराचे कण शेवटी बसतातच आणि तळाशी घट्ट थर होतो. बाटली हलवूनही तो सुटत नाही. मग पहिल्या आणि शेवटच्या चमच्यात औषध सारखं कसं राहील? उलट, कमी झीटा असताना बनणारे सैल पुंजके लवकर बसतात, पण हलवलं की पुन्हा मिसळतात. म्हणून निबंध वाचताना आधी बघा: गाळाचं आकारमान मोजलंय का? किती वेळा हलवल्यावर तो मिसळला? प्रत्येक डोसमधलं औषध तपासलंय का? हे नसेल, तर झीटाचा आकडा नुसता शोभेचा.