'हिमालयन ब्लंडर' : एका सेनानीची साक्ष

पराभूत सेनानींच्या ग्रंथांत बहुधा आत्मसमर्थन तरी असते किंवा आरोपपत्र तरी. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांच्या 'हिमालयन ब्लंडर' (१९६९) ह्या इंग्रजी ग्रंथात दोन्हींचा अंश आहे. तथापि त्याचे मोल त्याहून निराळे आहे, असे आम्हांस वाटते.

दळवी सातव्या ब्रिगेडचे अधिपती होते. थाग ला धारेवरून चिनी सैन्य हटविण्याचा हुकूम त्यांस होता. परंतु उंचवटा शत्रूकडे, आपले जवान खाली नामका चूच्या दरीत, पुष्कळांच्या अंगावर उन्हाळी सुती कपडे आणि रसद विमानातून पडेल तेवढीच. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे हल्ला झाला व ब्रिगेड मोडली. २२ तारखेस दळवी कैद झाले. १९६३ च्या मे महिन्यात सुटले.

हे सारे ते बारकाईने सांगतात, तेथे ग्रंथ अत्यंत प्रभावी होतो. कोअरचे सेनापती उमरावसिंग यांनी ह्या बेतास हरकत घेतली. तेव्हा ऑक्टोबरच्या आरंभी नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून जनरल कौल यांच्या नव्या कोअरकडे देण्यात आली. विरोध करणारा बाजूला झाला, बेत तसाच राहिला! स्वतः दळवींनी राजीनाम्याची भाषा केली ती हल्ल्याच्या आदल्या दिवशी. ती आधीच का केली नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच. मात्र शिस्तीत वाढलेल्या माणसास 'नाही' म्हणणे किती जड जाते, हेही ह्याच पानांवरून कळते.

ग्रंथाचा दोष संतापाचा आहे. कौल, कृष्ण मेनन व नेहरू यांच्यावरील आरोपांची पुनरुक्ती पुराव्याची धार बोथट करते. म्हणून कौल यांचे 'द अनटोल्ड स्टोरी' (१९६७) शेजारी ठेवूनच तो वाचावा.

परंतु न्याय करावयाचा तर संस्थेची साक्षही हवी. हेंडरसन ब्रूक्स व भगत यांच्या चौकशीच्या कक्षेत सेनेचे मुख्यालय नव्हतेच. तिचे निष्कर्ष संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत सारांशाने सांगितले. मूळ अहवाल शासनाने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपण मुलांस अभिमानाने सांगतो. हिमालयावर ती पाळी का आली, हेही वरच्या वर्गांतून सांगितले पाहिजे. त्यासाठी हा ग्रंथ शाळांच्या संग्रही असावा, अशी आमची शिफारस आहे.